एक तरी अल्को बोलतं ठेवा

प्रति,
महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे,
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई

सप्रेम नमस्कार.

वाठार स्टेशनला आमचं घर रेल्वेच्या लूप लाइनपासून हाकेच्या अंतरावर होतं. चैत्र लागला की आई माळवदावर धुतलेलं धोतर अंथरून कुरडया घालायची. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा आणि उन्हं तापायच्या आत सोऱ्यातून धोतरावर गोल गोल सोडायचा. एवढ्या खटाटोपाचं मोल त्या पांढऱ्याशुभ्र रंगात असतं. कुरडई करडी झाली की पाहुण्यांपुढे ठेवायची लाज.

लूपला मालगाडी उभी असली की आईचा एक कान तिकडे लागलेला असायचा. एकेरी मार्ग, त्यामुळे मालगाडीनं बाजूला थांबायचं आणि पॅसेंजर-एक्सप्रेसनं पुढे जायचं हा रोजचा शिरस्ता. कोयना एक्सप्रेस धडधडत निघून जायची. मागून सिग्नल पडायचा, मालगाडीचा ड्रायव्हर एक लांब भोंगा द्यायचा आणि आई हातातला सोऱ्या तसाच टाकून ओरडायची, "झाका रं पोरांनू, न्वाच घेतोय त्यो!"

न्वाच म्हणजे नॉच, इंजिनाचा जोर वाढवायच्या हँडलचं एकेक घर. आम्ही भावंडं जुनी लुगडी घेऊन माळवदावर धावायचो. कुरडया झाकेपर्यंत इंजिनाच्या डोक्यावरून काळाकुट्ट लोळ उठलेला असायचा. वारा आमच्या बाजूचा असला की काजळीची बारीक भुकटी लुगड्यांवर, केसांत, पाण्याच्या बादलीत. मग आई मान जरा तिरकी करून ऐकत राहायची. धडधडीतून एक बारीक शीळ वर यायला लागली की म्हणायची, "आली शीळ. उघडा आता."

साहेब, तिसरीपर्यंत शिकलेली ती बाई काय ऐकत होती ते मला कळायला पुढची पंधरा वर्षं लागली.

माझा धंदा डिझेलचे पंप आणि नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, दुरुस्त करण्याचा. पुण्यात लहानसं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर, विहिरीवरची इंजिनं असं काय काय येतं. कामाला लागलो तेव्हा वस्तादांनी पहिल्या आठवड्यात टर्बोचार्जर समजावून सांगितला. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. ॲक्सिलरेटर दाबला की पंप डिझेल ताबडतोब ओततो, पण पंख्यांना वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. पंख्यांनी वेग घेतला की त्यांची शीळ ऐकू येते, हवा पुरते आणि धूर पातळ होतो. हे ऐकता ऐकता मला एकदम आमचं माळवद दिसलं. आई कुठल्याही पुस्तकाविना नेमकं तेवढं अंतर कानानं मोजत होती: नॉच घेतला की झाका, शीळ आली की उघडा.

हे पत्र त्या आवाजाबद्दल, अल्को नावाच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या आवाजाबद्दल आहे. आपल्याला रोज गाड्यांच्या वेळा, लोकलची गर्दी, पुलांची कामं यांबद्दल शेकड्यानं पत्रं येत असतील. त्यांच्यापुढे हा विषय चैनीचा वाटेल. तरी वाचावं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड ते लातूर रोड हा तुकडा पुरा झाला आणि मध्य रेल्वेचे सगळे ब्रॉडगेज मार्ग, म्हणजे ३८२५ किलोमीटर, विजेच्या तारेखाली आले. मी ती बातमी वाचली तेव्हा मला आनंदच झाला, हे आधी सांगून टाकतो. डिझेलवर पोट भरणारा माणूस आहे, तरीही. परदेशातून विकत आणलेलं तेल जाळून कोळसा आणि सिमेंट ओढायचं, आणि मधल्या मध्ये माझ्या आईच्या कुरडया काळ्या करायच्या, यात शहाणपणा कुठला? तारा आल्या ते उत्तम झालं. माझं मागणं तारा काढा असं नाही.

पण तारा आल्या तेव्हा जे गेलं, त्याची साधी नोंद तरी आपण केली का?

ज्या इंजिनाबद्दल मी बोलतोय त्याला रेल्वेच्या भाषेत डब्ल्यूडीएम-२ म्हणायचे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र कामाचं. मिश्र या शब्दाला ते इंजिन अगदी जागलं. जे रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस घेऊन कोल्हापूरला जायचं, तेच दुसऱ्या दिवशी खताची रेक घेऊन आमच्या लूपला घाम पुसत उभं असायचं. अमेरिकेतल्या शेनेक्टडी गावच्या अल्को कंपनीचं हे डिझाइन. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन ११२ टनांच्या वर. १९६२ मध्ये पहिली इंजिनं बोटीनं आली आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या डिझेल कारखान्यातलं पहिलं इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. पुढे १९६९ मध्ये त्या अमेरिकन कंपनीनं इंजिनं बांधणंच थांबवलं. म्हणजे आई गेली आणि लेकरू बनारसला वाढलं. नुसतं वाढलं नाही, त्याचा वंश कित्येक दशकं चालला. एकट्या डब्ल्यूडीएम-२ ची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली. १९९५ मध्ये खास मालगाडीसाठी ३१०० अश्वशक्तीचं भावंड आलं, ज्याला पुढे डब्ल्यूडीजी-३ए म्हणू लागले. पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये ती कितीतरी होती. रेल्वेवेडी पोरं या सगळ्या गोतावळ्याला सरसकट 'अल्को' म्हणतात. मीही तेच म्हणतो.

आता जरा आमच्या लूपवर या.

उभ्या अल्कोचा आवाज घड्याळासारखा नसतो. मिनिटाला चारशे फेऱ्यांवर इंजिन स्वतःशीच पुटपुटत असतं. ढुक, ढुक, ढुक, आणि मध्येच एक ठोका गिळल्यासारखा, की मागून दोन घाईघाईनं. शेडमधले लोक याला इंजिन हंट करतंय म्हणतात. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचं तेवढं जमत नसलं की होतं. आम्हा पोरांना वाटायचं त्याला डुलकी लागतेय. मधूनच खालून 'फिस्स' करून हवा सुटायची आणि रुळांशेजारी झोपलेलं कुत्रं दचकून उठायचं. तासन्‌तास उभं राहायचं असलं तरी ड्रायव्हर इंजिन बंद करत नसत. बंद केलं आणि पुन्हा चालू झालं नाही तर? त्यामुळे आमच्या घरात शांतता म्हणजे ते ढुकढुक. परगावी गेल्यावर पहिल्या रात्री आम्हाला झोप यायची नाही.

मग नॉच. हँडलला आठ घरं. पहिल्या घरात फारसं काही घडत नाही, फक्त ढुकढुक जरा दाट होते. पण गाडी हलते, आणि तिचा आवाज इंजिनाचा नसतो. पहिल्या वॅगनचं कपलिंग ताणलं जातं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, आणि 'खण्‌ खण्‌ खण्‌' करत तो ताण चाळीस वॅगनींमधून पळत पार गार्डाच्या डब्यापर्यंत जातो. पुढची वॅगन चालायला लागलेली असते आणि मागची अजून झोपलेली असते. आमचा खेळ होता, त्या खणखणीबरोबर फलाटावरून पळत जायचं. कधीच जिंकलो नाही.

तिसऱ्या-चौथ्या घरात आवाज चढत नाही, उलट खाली उतरतो. जड होतो. छातीत ऐकू येतो. इथेच तो लोळ उठायचा आणि इथेच आईची आरोळी. कधी बराच वेळ उभं राहिलेलं इंजिन असलं तर धुराड्यातून चांगली हातभर ज्वाळाही निघायची. मग शीळ, आधी पातळ, मग धारदार. आणि त्या शिळेखाली सोळा सिलिंडरांची धडधड अशी काही जमून यायची की मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागायची. आठवं घर आम्हाला स्टेशनात क्वचितच ऐकू यायचं. ते लोणंदकडून येताना, सालप्याच्या पुढे आदर्कीचा चढ लागला की. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती गाडी आम्ही अर्धा-अर्धा तास ऐकायचो. वळणाआड गेली की आवाज दबायचा, बोगद्यात शिरली की पुसून जायचा, आणि बाहेर पडली की एकदम जवळ आल्यासारखी. दोन इंजिनं जोडलेली असली तर त्यांचे ठोके कधी एकमेकांवर पडायचे, कधी वेगळे व्हायचे. भजनात दोन पखवाज असले की होतं तसं. उलट दिशेनं उतरणारी गाडी वेगळीच. तिला ओढायचं नसतं, आवरायचं असतं. मग इंजिन गप्प आणि डायनॅमिक ब्रेकचा पंखा तेवढा गांधीलमाशीसारखा घोंघावतो. त्यात एखाद्या वॅगनच्या चाकाला सपाटी आलेली असली तर ती टक्‌टक्‌टक्‌ करत आपली चुगली करत जायची.

पुढे धंद्यात पडल्यावर मला कळलं की माझा कान तयार झाला तो याच लूपवर. चांगला नोझल टेस्टरवर धरून दाबला की करकरतो. खराब झालेला गप्प थुंकतो. वस्तादांकडच्या पोरांना ते ओळखायला सहा महिने लागायचे, मला सहा दिवस लागले. अल्कोला प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र नोझल असतो, म्हणजे सोळांचा कारभार सोळा ठिकाणी. त्यातला एक जरी रुसला तरी धडधडीत खड्डा पडतो. तो खड्डा मी लहानपणापासून ऐकत होतो, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आता माझ्याकडे कामाला असलेला पोरगा गाडी आली की विचारतो, "शेठ, स्कॅनर लावू?" लाव म्हणतो. स्कॅनर बरोबर सांगतो. पण बॉनेट उघडायच्या आधी माझा कान गाडीकडे जातोच.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसतं उसासे टाकणं होईल. आमच्या आळीत एक निवृत्त मालगाडी-ड्रायव्हर राहतात. वय ऐंशीच्या घरात. मागच्या दिवाळीला त्यांच्याशी बोलताना मी भरात येऊन म्हणालो, "काका, काय गाणं होतं हो त्या इंजिनाचं!" त्यांनी मला दोनदा मोठ्यानं बोलायला लावलं, मग म्हणाले, "गाणं? आरं, गाणं नव्हं, खोकला हुता त्यो. तू माळवदावरनं ऐकलास. मी चौतीस वर्सं त्याच्या मांडीवर बसलोय. कान गेलं बघ दोन्ही."

मग त्यांनी मला लाँग हूड म्हणजे काय ते सांगितलं. या इंजिनाची केबिन एका टोकाला असते. इंजिन उलटं लागलं की ड्रायव्हरच्या पुढ्यात सगळी लांबलचक पेटी येते. समोरचा रूळ दिसत नाही, वळणावर तर असिस्टंट आपल्या खिडकीतून ओरडेल तेवढंच कळायचं. बोगद्यात धूर आणि वाफारा थेट तोंडावर. मे महिन्यात केबिनमधला लोखंडी दांडा हाताला चटका द्यायचा. "तोंडाला वला टावेल बांदायचा नि देवाचं नाव घ्यायचं," काका म्हणाले. आज विजेच्या इंजिनात दोन्ही टोकांना केबिन आहे, समोर मोठी काच आहे, आणि सहा हजार अश्वशक्ती काही न बोलता आदर्कीचा चढ चढून जाते. काकांचा नातू आता तिथे असिस्टंट आहे. काकांना त्याचा हेवा वाटत नाही, समाधान वाटतं.

पण जायला निघालो तेव्हा त्यांनी हाक मारून परत बोलावलं. म्हणाले, "बंद पडायच्या आदी कसं बोलायचं म्हाइतीय का?" आणि त्या माणसानं, दोन्ही कान गेलेल्या माणसानं, तळहातानं खाटेच्या लाकडावर ठोके धरून मला डिझेल संपत आलेल्या इंजिनाचा आवाज काढून दाखवला. हुबेहूब. आत काकू हसत होत्या.

साहेब, माझं मागणं तिथून सुरू होतं.

आपल्या देशात इंजिनाचा वारसा म्हणजे वाफ, असं ठरून गेलं आहे. वाईट नाही ते. १८५५ ची फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावली याचा कोणालाही अभिमान वाटेल. रेवाडीचं वाफेचं शेड जपलं गेलं. दार्जिलिंग आणि निलगिरीच्या गाड्या जागतिक वारशात गेल्या. १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरचं नियमित वाफेचं युग संपलं तेव्हा किती लोकांनी डोळे पुसले! आणि गंमत बघा, त्या सगळ्यांच्या गोष्टीत खलनायक कोण होतं? डिझेल. घाणेरडा वास, खोकणारा आवाज, डोक्यावरची पेटी. माझे आजोबा तेच म्हणायचे. १९७१ पर्यंत आमच्याकडे मीटरगेज होतं, वाफेची लहानखुरी इंजिनं होती, आणि ब्रॉडगेज आल्यावर ही दांडगी धूड आली. आजोबा त्यांना 'रेडा' म्हणायचे. जुन्या इंजिनांची शिट्टी म्हणे बासरीसारखी होती. असेल. मला ती कधी ऐकता आली नाही, कारण ती कोणी टिपून ठेवली नाही.

आपल्याच इमारतीला लागून हेरिटेज गल्ली आहे. तिथे 'सर लेस्ली विल्सन' हे १९२८ सालचं विजेचं इंजिन उभं आहे, मुंबईच्या घाटांत मालगाड्या ओढलेलं. मुंबईला आलो की मी तिथे जातो. पोरं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. एकदा एका मुलीनं वडिलांना विचारलं, "बाबा, हे कसं वाजायचं?" वडील माझ्याकडे बघायला लागले, मी इंजिनाकडे. त्याच्या दांड्या, चाकं, रंग सगळं शाबूत आहे. ते कसं वाजायचं, हे मात्र आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता येईना.

अल्कोचं तसं होऊ नये. चौथऱ्यावर इंजिन चढवून, चंदेरी रंग फासून, भोवती हिरवळ लावली की काम झालं असं समजू नये. हे इंजिन दिसायला कधी सुंदर नव्हतंच. खरं बोलायचं तर पेटारा होता तो. त्याच्यात जे काही होतं ते आवाजात होतं, आणि ते चौथऱ्यावर चढत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. दुरुस्तीनंतर इंजिन शेडमध्ये लोड बॉक्सवर तपासतात, हे मी आपल्याला सांगायला नको. इंजिन जागेवर उभं असतं, त्याची वीज रेझिस्टन्समध्ये जाळतात आणि आठव्या नॉचपर्यंत पूर्ण ताकद काढून बघतात. ध्वनिमुद्रणासाठी याहून चांगली सोय कुठली? घोरपडीत किंवा जिथे कुठे चालू अल्को उरलं असेल तिथे, एक दिवस चांगले मायक्रोफोन घेऊन माणसं बसवा. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज, चारशे फेऱ्यांची ती पुटपुट, एकेक नॉच, टर्बोची शीळ चढताना आणि उतरताना, रेडिएटरचा पंखा, भोंगा, हवा सुटण्याचा आवाज, आणि शेवटी बंद होतानाची ती तीन-चार धापा टाकल्यासारखी धडपड. केबिनच्या आतून वेगळं, बाहेरून वेगळं. मग एखादी खरी मालगाडी घेऊन चढावर. मोबाइलवर पोरांनी काढलेले व्हिडिओ मी पुष्कळ पाहिलेत, मेहनत असते, पण फोनच्या स्पीकरमधून तो छातीतला आवाज येत नाही. पत्र्याचा डबा वाजल्यासारखं वाटतं.

त्याबरोबर माणसं. शेडमध्ये पंचवीस-तीस वर्षं काढलेले फिटर आहेत, जे इंजिनाच्या अंगावर हात ठेवून कुठला सिलिंडर मार खातोय ते सांगतात. त्यांतले बरेच निवृत्त झालेत. शेडमध्ये आता विजेच्या इंजिनांची देखभाल चालते, उद्या हे ज्ञान कोणाला विचारायचं? त्यांना बोलतं करा. आमच्या काकांकडे तर खाट तयार आहे.

दुसरी गोष्ट खर्चाची आहे, मान्य. एक अल्को चालत्या स्थितीत ठेवा. ते डब्ल्यूडीएम-२ असलं तर फारच छान, नाहीतर डब्ल्यूडीजी-३ए. त्याच्यामागे जुन्या तऱ्हेच्या दहा-बारा वॅगनी आणि गार्डाचा तो उघड्या गॅलरीचा डबा. गार्डांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण त्या डब्याला गार्डाचाच डबा म्हणा. वर्षातून दोन-चारदा पुणे ते मिरज किंवा दौंड ते मनमाड फिरवा. लोक तिकीट काढून येतील. वाफेच्या गाडीला येतात तसे येतील, कारण वाफ ऐकलेल्या पिढीपेक्षा अल्को ऐकलेली पिढी आज मोठी आहे. मनमाडच्या पुढे परभणीपर्यंत, परळीच्या कोळशाच्या गाड्या बघत, लोणंदच्या कांद्याच्या गोण्यांवर बसून, कोकणात रोरोवर, म्हणजे ट्रकच मालगाडीवर चढवून नेतात त्या गाडीवर, ट्रकच्या केबिनमध्ये बसून करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना, ही माणसं तो आवाज ऐकत मोठी झालीत. रोरोचा तर एकदा मीही अनुभव घेतलाय, ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर. बोगद्यात तो म्हणाला, "काच वर घे, नायतर उद्या रुमालावर डिझेल सापडेल." सापडलं.

सुटे भाग कुठून आणायचे, असं आपले अधिकारी विचारतील. रास्त प्रश्न आहे. पण अल्को जगातून गेलेलं नाही. आपणच २०२० मध्ये दहा आणि २०२३ मध्ये वीस इंजिनं बांगलादेशाला दिली, ती याच घराण्यातली आहेत आणि तिथे गाड्या ओढतायत. श्रीलंकेत आपली इंजिनं आहेत, मोझांबिकमध्ये आहेत. म्हणजे खुलना किंवा राजशाहीजवळच्या कुठल्या तरी माळवदावर आजही कोणी बाई आपलं वाळवण झाकत असेल. आणि ज्या बनारसला ही इंजिनं जन्मली, तिथेच दोन डब्ल्यूडीजी-३ए एकत्र करून दहा हजार अश्वशक्तीचं विजेचं जोड-इंजिन बनवलं गेलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. जे कारागीर डिझेल काढून त्याच सांगाड्यात वीज बसवू शकतात, त्यांना एक जुनं इंजिन चालू ठेवणं जड जाऊ नये.

यावर कोणी म्हणेल, मग १९९९ नंतर आलेली ती मोठी चार हजार अश्वशक्तीची डब्ल्यूडीजी-४ इंजिनं का नकोत? दूधसागरच्या घाटात, कॅसलरॉक ते कुळे या एकास सदतीसच्या चढावर, त्यांनी जे काम केलं त्याला तोड नाही. आमच्या वर्कशॉपच्या हिशेबानं बोलायचं तर इंजिन म्हणून ती सरसच. कमी धूर, कमी डिझेल, जास्त ओढ. जपावीत, जरूर जपावीत. पण त्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, एकदा लागला की एकसुरी. हे माझं वैयक्तिक मत आहे आणि हुबळीकडचे दोस्त यावरून माझ्याशी भांडतात.

एवढंच लिहायचं होतं. उत्तर आलं तर आनंद होईल. नाही आलं तरी निदान लोड बॉक्सचं तेवढं मनावर घ्यावं. त्याला फक्त एक दिवस लागतो आणि डिझेलची एक टाकी. नोझल लागले तर सोळाच्या सोळा मी फुकट तपासून देईन, हे लेखी देतो.

आपला,
पुण्यातला एक पंप-नोझलवाला
(मूळ गाव वाठार स्टेशन)

ता.क. हे पत्र आईला वाचून दाखवलं. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडी आणायची तर आणू देत, पर चैत्र-वैशाखात नगं. आणि आणलीच तर आदी कळवा म्हनावं."

तेवढी नोंद घ्यावी, ही विनंती. कुरडया ती अजून घालते.